दोन कोटींचा शार्दूल, तीस लाखांचा अर्जुन

फरक १.७० कोटी रुपयांचा. नोव्हेंबर २०२५ मध्ये आयपीएलच्या मुंबई इंडियन्सने शार्दूल ठाकूरला लखनौकडून २ कोटींना घेतले आणि त्याच आठवड्यात अर्जुन तेंडुलकरला ३० लाखांना लखनौला दिले. कागदोपत्री हे दोन वेगळे व्यवहार. मुंबईच्या ताळेबंदात मात्र २६ वर्षांचा डावखुरा वेगवान गोलंदाज गेला आणि ३४ वर्षांचा मुरलेला गोलंदाज आला.

संघाच्या १२५ कोटींच्या मर्यादेत १.७० कोटी म्हणजे १.३६ टक्के. पण डिसेंबरच्या लिलावात मुंबईच्या हाती उरले होते २.७५ कोटी, दहा संघांत सर्वांत कमी. त्या रकमेशी ताडले तर हाच फरक ६२ टक्के भरतो. क्विंटन डी कॉक त्याच लिलावात मुंबईला १ कोटीला मिळाला.

शार्दूलचा भाव आणि त्याचे बळी यांची चाल उलटसुलट आहे. २०२२ मध्ये १०.७५ कोटी आणि १५ बळी, म्हणजे एका बळीला ७२ लाख. २०२३ मध्ये किंमत तीच, बळी ७; एक बळी १.५४ कोटींना पडला. २०२४ मध्ये ४ कोटींत ५, म्हणजे ८० लाख. पुढच्या मोठ्या लिलावात त्याला कोणीच घेतले नाही. २०२५ मध्ये जखमी मोहसिन खानच्या जागी तो २ कोटींत लखनौत आला, १० सामन्यांत १३ बळी घेतले आणि दर १५ लाखांवर आला. आदल्या वर्षाच्या तुलनेत बळी १६० टक्क्यांनी वाढले, किंमत निम्मी झाली.

या १३ बळींत एक खोच आहे. पहिल्या दोन सामन्यांत ६, उरलेल्या आठांत ७. षटकामागे धावा ११.०२. म्हणजे मुंबईने काटकसरी गोलंदाज घेतलेला नाही. १०५ सामन्यांत १०७ बळी घेतलेला, गरजेला फलंदाजी करणारा गडी घेतला आहे, आणि २ कोटींना तो स्वस्त आहे असे माझे मत आहे.

भाईंदरजवळच्या मुर्ध्यात शार्दूलचे मोल आणखी एका आकड्यात कळते: किलोमीटरमध्ये. तो पालघरचा. शाळेच्या क्रिकेटसाठी बोरिवलीला आला, प्रशिक्षक दिनेश लाड यांच्या घरी राहिला. २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावरून परतल्यावर अंधेरीहून पालघरला तो लोकलनेच गेला. पालघर ते चर्चगेट या अंतराच्या साधारण मध्यावर भाईंदर स्थानक येते. मुर्ध्याचा मुलगा किटबॅग खांद्याला लावून सकाळी त्याच फलाटावर उभा असतो.

आता अर्जुन. मुंबईकडून षटकामागे ९.३७ धावा, शार्दूलच्या २०२५ च्या आकड्याहून सरस. पण हा आकडा अवघ्या ७३ चेंडूंचा आहे: ११४ धावा, ३ बळी. एका गोलंदाजाला एका सामन्यात जास्तीत जास्त २४ चेंडू मिळतात. म्हणजे ही जेमतेम तीन सामन्यांची पूर्ण गोलंदाजी झाली. २०२१ ते २०२५ या पाच हंगामांत मुंबई ७४ सामने खेळली, त्यांतले ५ त्याच्या वाट्याला आले. प्रमाण ६.८ टक्के. २०२१, २०२२ आणि २०२५ मध्ये एकही नाही. देशांतर्गत क्रिकेटमध्ये २०२२ मध्ये मुंबई सोडून तो गोव्याकडून खेळू लागला, रणजी पदार्पणात १२० धावा केल्या आणि २०२४ मध्ये अरुणाचलविरुद्ध २५ धावांत ५ बळी घेतले. इतक्या कमी चेंडूंवरून त्याला यशस्वी किंवा अपयशी ठरवता येत नाही.

अमेरिकी बेसबॉलमध्ये असा सौदा १९८७ मध्ये झाला. डेट्रॉइटने ३६ वर्षांचा डॉयल अलेक्झांडर घेतला आणि २० वर्षांचा जॉन स्मोल्ट्झ अटलांटाला दिला. अलेक्झांडरने उरलेल्या हंगामात ९ सामने जिंकले, एकही हरला नाही, आणि डेट्रॉइट आपल्या गटात पहिले आले. स्मोल्ट्झने पुढे २१३ विजय मिळवले. पण १९८८ मध्ये त्याच्या खात्यावर २ विजय आणि ७ पराभव होते. तरीही १९८९ मध्ये अटलांटाने त्याच्याकडून २९ सामन्यांची सुरुवात करून घेतली.

अर्जुन स्मोल्ट्झ होईल, असे या आकड्यांतून निघत नाही. निघते ते एवढेच की मुंबईने पाच हंगामांत त्याची पारख करायला १२ षटके आणि १ चेंडू खर्च केला. लखनौला त्याच्यासाठी ३० लाख पडले आहेत. साखळीत १४ सामने असतात आणि एका सामन्यात जास्तीत जास्त ४ षटके.