पाण्याखालचं कुरण
तलावांच्या जिल्ह्यात : भाग ५

गेल्या आठवड्यात आपण मालगुजारी तलावांची पार आणि पाट पाहिले. या वेळी पाण्याखाली डोकवायचं आहे, पण त्याआधी एक लांबचा वळसा.

इक्वेडोरच्या पश्चिमेला सुमारे १००० किलोमीटरवर गालापागोस बेटं आहेत, ज्वालामुखीतून घडलेली. बोटीने तिथे गेलेले लोक काळ्या खडकांवर ऊन खात पडलेले समुद्री इग्वाना बघतात आणि मग स्नॉर्कलची नळी तोंडात धरून पाण्यात उतरतात, तेव्हा तेच इग्वाना तळाचं शेवाळ खरवडताना दिसतात. समुद्रात चरणारा जगातला हा एकमेव सरडा. फर्नांडिना आणि इसाबेला या बेटांपाशी खोलातला थंड प्रवाह वर येतो, सोबत पोषक द्रव्यं आणतो. म्हणूनच तिथे शेवाळ, मासे आणि विषुववृत्तावर चक्क पेंग्विन. एल निनोच्या वर्षी पाणी तापतं, इग्वानांना पचणारं शेवाळ नाहीसं होतं आणि ते उपाशी मरतात. जे तगतात, त्यांच्या शरीराची लांबीसुद्धा घटते.

आपल्याकडेही काठावरची गर्दी तळावरच ठरते. भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातल्या शिवनीबांधसारख्या तलावावर हिवाळ्याच्या सकाळी जावं, शक्य झालं तर एखाद्या ढिवर मासेमाराच्या डोंग्यात बसावं. तोही पक्ष्यांच्या थव्यापासून दूर ठेवायला सांगावा. डोंगा संथ झाला की पाण्याखाली हायड्रिलाची आणि व्हॅलिस्नेरियाची रानं दिसू लागतात. वारकरी पक्षी आणि बदकं याच वनस्पतींवर चरतात. पाणवनस्पतींच्या आडोशाला मरळ घरटं करते आणि अंडी फुटल्यावरही आई-बाप पिलांची राखण करतात. पृष्ठभागाजवळ तांबूस पिलांचा पुंजका सरकताना दिसला तर खाली मोठी मरळ असणार, हे नक्की. खुंटावर पंख पसरून बसलेला पाणकावळा इथेही असतो. गालापागोसच्या पाणकावळ्याची तर उडण्याची शक्तीच गेली आहे, तरी तो आपले खुरटे पंख असेच वाळवत बसतो. मला हे फार हृद्य वाटतं.

या कुरणाचं नुकसान आपण केलं. उत्पन्न वाढावं म्हणून तलावांत गवत्या मासा सोडला गेला, आणि तो पाणवनस्पतींवरच जगतो. काठाकडून बेशरमची झुडपं पसरली. वनस्पती गेल्या की देशी माशांची अंडी घालायची जागा जाते, पक्ष्यांचं अन्न जातं. मग तलाव भरलेला असूनही रिकामाच.

यावर उपाय शोधला तो ढिवरांनी. शेजारच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात त्यांच्या सहकारी संस्थांनी, मनीष राजनकर यांच्यासारख्या अभ्यासकांच्या सोबतीने, बेशरम उपटली, उन्हाळ्यात आटलेला तळ नांगरला आणि पाऊस पडल्यावर स्थानिक पाणवनस्पती लावल्या. कुठली वनस्पती कुठल्या माशाला लागते, किती खोलीवर रुजते, हे ज्ञान त्यांच्याकडे आधीपासून होतं. तलावांची योजना आखताना ते कुणी विचारलं नाही, याचा राग मला अजून येतो. जिल्ह्यातल्या प्रत्येक तलावाच्या दुरुस्तीत गाळ काढण्याइतकाच लागवडीलाही खर्च धरायला हवा, आणि तो मासेमार संस्थेच्या हाती द्यायला हवा.

पुढच्या भागात बोड्या.