लिनक्सचा काळा पडदा : कान्हेकरांसाठी थोडी माहिती

कान्हे-कामशेतकडच्या ज्या मंडळींनी जुन्या संगणकावर उबुंटू अथवा मिंट बसविले असेल, त्यांना यंत्र सुरू करताच बोधचिन्हाऐवजी काळा पडदा किंवा विसकटलेली अक्षरे दिसली, तर ते लोकलने पुण्यास दुरुस्तीसाठी रवाना करण्याची तूर्त निकड नाही. कारण पुष्कळदा दोष ग्राफिक्स ड्रायव्हरचा असतो, आणि प्रारंभचित्र दाखविणारे प्लायमाउथ बिचारे विनाकारण बदनाम होते.

यंत्र सुरू होताना शिफ्ट, नव्या यूईएफआय यंत्रात एस्केप, दाबून ग्रब या प्रारंभ-व्यवस्थापकाची यादी आणावी, 'ई' दाबावे, 'लिनक्स'ने आरंभ होणाऱ्या ओळीच्या अखेरीस 'नोमोडसेट' (nomodeset) हा शब्द रोमन लिपीत सलग लिहावा आणि एफ१० दाबावे. ही तजवीज तेवढ्या एका प्रारंभापुरतीच टिकते. त्याच ओळीतील 'क्वाएट' व 'स्प्लॅश' खोडल्यास कर्नलचे संदेश उघड दिसतात, आणि मला तरी सुशोभित चित्रापेक्षा तो रोखठोक जबाब अधिक पसंत आहे.

पडदा उजळल्यावर, कार्ड एन्व्हिडियाचे असल्यास, उबुंटूत 'ॲडिशनल ड्रायव्हर्स'मधून आणि मिंटमध्ये 'ड्रायव्हर मॅनेजर'मधून शिफारस केलेला ड्रायव्हर बसवावा. नोमोडसेट मात्र कायम ठेवू नये. त्याने चित्राची स्पष्टता व वेग, दोन्ही घटतात.