मोठे गेले कुठे?
'ॲव्हरेज किती देते?' हा आपला पहिला प्रश्न. २०१० साली अमेरिकेत त्यावरच स्पर्धा झाली, ऑटोमोटिव्ह एक्स प्राइझ. अट गॅलनला १०० मैलांची, म्हणजे लिटरला साधारण ४२ किलोमीटर. बक्षिसं एक कोटी डॉलरची. तरी फोर्ड, जनरल मोटर्स तिकडे फिरकले नाहीत. (आपल्या टाटांची विजेवरची इंडिका व्हिस्टा मात्र उतरली होती.) ५० लाखांचं मुख्य बक्षीस नेलं एडिसन-२ या संघाच्या चार आसनी गाडीनं: वजन पावणेचारशे किलोंच्या आसपास, इंजिन एका सिलिंडरचं. मोठ्यांना हे जमलं नसतं असं नाही. पण नवं मॉडेल बाजारात आणायला बक्षिसाच्या कित्येक पट पैसा लागतो. शिवाय जिंकलं तर 'त्यात काय मोठंसं?', हरलं तर नाचक्की! एडिसन-२ ची गाडीही शोरूमपर्यंत पोचली नाहीच.