गेम मास्टरचा शब्द अंतिम की नियमपुस्तक? टेबलटॉप खेळांतला २०० वर्षांचा वाद नेमका काय?

बारामती-इंदापूरकरांना पाळीचे वाद नवे नाहीत. नीरा डाव्या कालव्यावर कोणाला पाणी कधी, याचा क्रम शेजपाळीत आधी ठरतो. पण मध्येच कालवा फुटला, तर पुढचा निर्णय माणसालाच घ्यावा लागतो. मग टेलचा शेतकरी विचारतो, हे नियमाने झालं की मर्जीने? ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’सारख्या टेबलटॉप रोलप्लेइंग खेळांतही वाद याच प्रश्नावरून होतात.

हा खेळ असतो तरी काय?

‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या वेब सीरिजमधली मुलं टेबलाभोवती बसून खेळतात, तोच हा खेळ. प्रत्येक खेळाडूचं एक पात्र असतं. एक जण मात्र गेम मास्टर होतो. तो गोष्ट पुढे नेतो, बाकीची सगळी पात्रं चालवतो आणि निकालही देतो. सामान म्हणजे कागद, पेन्सिल आणि फासे. मुख्य फासा २० बाजूंचा.

नियम कुठे लागतो, माणूस कुठे?

समजा, खेळ उजनीच्या पाण्यात घडतोय. पाणी उतरल्याने पळसदेवचं जुनं मंदिर उघडं पडलंय आणि तुम्ही होडीतून तिथे पोचलात. चौथऱ्यावर उडी मारायची आहे. गेम मास्टर सांगतो, १५ हवेत. तुमच्या पात्राचे कौशल्याचे ३ गुण आहेत, म्हणजे फाशावर १२ किंवा जास्त पडायला हवेत. २० पैकी ९ आकडे चालतील, म्हणजे शक्यता ४५ टक्के. धोका पत्करायचा की नाही, हे तुम्ही हिशेब करून ठरवू शकता. नियमाचा फायदा हाच.

आता तुम्ही म्हणालात, ‘उडी नको. मासेमारीचं जाळं दगडाला अडकवून होडीच जवळ ओढतो.’ पुस्तकात याचा नियम नाही. कॉम्प्युटर गेममध्ये प्रोग्रॅमरने आधी सोय केली नसेल, तर हा मार्ग बंदच. इथे गेम मास्टर दोन क्षण विचार करून म्हणतो, ‘चालेल, १० हवेत.’ माणूस लागतो तो इथे.

वाद कधीपासून?

• १८२४ : प्रशियाच्या सैन्यातला अधिकारी रायस्विट्झ याने युद्धाच्या सरावासाठी नकाशावरचा खेळ मांडला. त्यात फासे, नुकसानीचे तक्ते आणि पंच होते.

• १८७६ : तक्ते बघण्यातच वेळ जातो, म्हणून व्हेर्डी द्यु व्हेर्न्वा या अधिकाऱ्याने अनुभवी पंचाच्या निर्णयावर चालणारी पद्धत मांडली.

• १९७४ : गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ आला. नियम त्रोटक होते, बरंच काही गेम मास्टरवर सोडलेलं.

• २००० : तिसऱ्या आवृत्तीत बारीकसारीक गोष्टींचेही नियम आले. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत ते पुन्हा सुटसुटीत झाले.

• २०१० : ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ने गेम मास्टरने काय करावं, याचेच नियम लिहिले. त्याआधी २००९ मध्ये आलेल्या ‘फियास्को’त तर गेम मास्टरच नाही.

भांडण नेमकं कशावरून?

नियम नसताना निर्णय घेण्याला फारसा कोणाचा विरोध नसतो. ठिणगी पडते ती पडद्याआड. बरेच गेम मास्टर समोर पुठ्ठ्याचा पडदा ठेवून फासे टाकतात. सहा महिने जपलेलं पात्र एका वाईट फाशाने मरणार असेल, तर काही जण गुपचूप आकडा बदलतात. त्यांचं म्हणणं, गोष्ट रंगली पाहिजे. विरोधकांचं म्हणणं, मग फासा टाकायचाच कशाला?

विरोधकांच्या म्हणण्यात तथ्य आहे. आकडा नंतर बदलता येत असेल, तर आपला ४५ टक्क्यांचा हिशेब निरर्थक ठरतो. आज वाचवणारा हात उद्या बुडवूही शकतो, आणि खेळाडूला ते कळतही नाही. जाळ्यासाठी ‘१० हवेत’ हाही मर्जीचाच निर्णय होता. पण तो फासा पडण्याआधी, सगळ्यांसमोर झाला. पटला नसता, तर तुम्हाला दुसरा मार्ग निवडता आला असता.

खेळून बघायचंय? हे आधी ठरवा

• पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत मिळतात. सुरुवातीला तेवढे पुरेत.

• किती हवेत आणि चुकलं तर काय होईल, हे फासा टाकण्याआधी सांगा.

• नियमावर अडलात, तर गेम मास्टरचा निर्णय त्या दिवसापुरता माना. पुस्तक खेळ संपल्यावर उघडा.

• एकदा दिलेला निर्णय वहीत लिहा. पुढच्या वेळी दुसऱ्याने जाळं टाकलं, तर त्यालाही १० च.

• पात्र मरू शकतं की नाही, हे पहिल्याच बैठकीत सगळ्यांनी मिळून ठरवा.