मायक्रोवेव्ह : वाल्डॉर्फ गावाचा स्वर

लूप आणि सॅम्पल यांवर उभ्या राहिलेल्या संगीताचा विषय निघाला की जाणकार डीजे शॅडोच्या १९९६ सालच्या पहिल्या अल्बमचं, 'एन्डट्रोड्यूसिंग'चं नाव घेतात. जुन्या ध्वनिमुद्रिकांमधले तुकडे उचलून, जोडून, फिरवून त्याने तो बांधला. तिथला लूप काही मात्रांचा असतो आणि ऐकताना तो परत आला हे कानाला कळतं. त्याआधी सात वर्षं जर्मनीतल्या एका खेड्यातून बाहेर पडलेल्या यंत्रात मात्र लूपची लांबी जेमतेम एका कंपनाएवढी होती. त्या यंत्राचं नाव मायक्रोवेव्ह. बनवणाऱ्या कंपनीचं ते पहिलंच वाद्य.

वाल्डॉर्फ हे गाव ऱ्हाइनच्या पश्चिमेला, बॉन आणि कोब्लेन्झ यांच्या दरम्यान आहे. १९८८ साली वोल्फगांग ड्यूरेन यांनी इथे सिंथेसायझरची कंपनी काढली आणि तिला गावाचंच नाव दिलं. त्याआधी ते हॅम्बुर्गच्या पीपीजी कंपनीची वाद्यं विकत असत. पीपीजी १९८७मध्ये बंद पडली, पण तिच्या वाद्यांमागची कल्पना ड्यूरेन यांना सोडवेना.

ती कल्पना होती वोल्फगांग पाल्म या अभियंत्याची. स्वर घडवण्यासाठी पाल्म यांनी वेगवेगळ्या आकारांच्या लहरी अंकांच्या रूपात साठवल्या आणि त्या ओळीने मांडून 'वेव्हटेबल' तयार केलं. त्यांच्या १९७८च्या 'वेव्हकॉम्प्युटर ३६०'मध्ये फिल्टर नव्हता, त्यामुळे आवाज कोरडा आणि कर्कश लागे. १९८१च्या 'वेव्ह २'मध्ये त्यांनी डिजिटल लहरींच्या पुढे ॲनालॉग फिल्टर बसवला. धारदार, काचेसारखा स्वर आणि त्यावर फिल्टरची ऊब हा मेळ तिथे जमला. टँजेरिन ड्रीमसारख्या जर्मन वाद्यवृंदाने तो जगभर पोचवला.

मायक्रोवेव्ह १९८९मध्ये आला तो हाच वारसा घेऊन, रॅकमध्ये बसणाऱ्या धातूच्या पेटीत. त्याला स्वतःच्या पट्ट्या नव्हत्या. समोर छोटा डिस्प्ले, काही बटणं आणि एक मोठा डायल. कीबोर्ड बाहेरून जोडायचा. एका वेळी आठ स्वर वाजत आणि प्रत्येक स्वराला स्वतंत्र ॲनालॉग फिल्टर होता. डिजिटल लहरी घडवणाऱ्या खास चिपमागे पाल्म यांचंच काम होतं.

आतली रीत नीट पाहण्यासारखी आहे. एक लहर म्हणजे १२८ बिंदूंचं एक आवर्तन. तेच पुन्हापुन्हा वाजत राहतं. ४४० हर्ट्झचा स्वर लावला की ते सेकंदाला ४४० वेळा फिरतं, म्हणजे एका फेरीला सव्वादोन मिलिसेकंदांच्या आसपास वेळ. एवढ्या वेगात आवर्तन कानाला जाणवत नाही, जाणवतो तो अखंड स्वर. पण एकच आवर्तन न बदलता फिरत राहिलं तर स्वर लवकरच निर्जीव वाटतो. म्हणून वेव्हटेबलमध्ये अशा लहरींची ६४ स्थानं असतात. पट्टी दाबून ठेवली की एन्व्हलप (वेळेनुसार बदल घडवणारा नियंत्रक) किंवा एलएफओ (सावकाश हेलकावे देणारं कंपन) त्या स्थानांवरून पुढेमागे सरकतो. सूर तोच राहतो, रंग मात्र पालटत जातो : घंटेतून बासरीकडे, बासरीतून मानवी गळ्यासारख्या उघड्या आकाराकडे. तंबोऱ्याच्या तारेखालचा जवारीचा दोरा किंचित सरकवला की त्याच तारेतून वेगळे उपस्वर खुलतात, तसाच हा अनुभव आहे. जुन्या मायक्रोवेव्हमध्ये एका लहरीवरून दुसरीवर जातानाच्या पायऱ्याही कधीकधी ऐकू येतात. तो खरखरीतपणा वादकांना इतका आवडला की आजही ते त्याचाच आग्रह धरतात.

१९९३मध्ये कंपनीने 'वेव्ह' नावाचं भलंमोठं वाद्य काढलं. एका वेळी १६ स्वर, वाढवून ४८ पर्यंत. १९९७च्या मायक्रोवेव्ह २मध्ये फिल्टरसुद्धा डिजिटल झाले. २००४मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. २००६मध्ये ती नव्याने उभी राहिली, पुढच्याच वर्षी 'ब्लोफेल्ड' हे आटोपशीर वाद्य आलं, आणि २०१८मध्ये 'क्वांटम'. २०२१च्या 'एम'मध्ये तर पहिल्या मायक्रोवेव्हचाच स्वर ॲनालॉग फिल्टरसह पुन्हा अवतरला. पाल्म यांची कल्पना दोन कंपन्यांच्या पडझडीतून तगली, कारण तिच्यात खरोखरचा सांगीतिक विचार होता.

हा विचार आपल्याकडच्या तरुण संगीतकारांनी मनावर घ्यावा असं मला कळकळीने वाटतं. आज लूपची तयार पाकिटं विकत मिळतात. चार ओढून एकाखाली एक ठेवली की गाणं झालं असं वाटू लागतं. त्या लूपला आतून कुणी हलवत नाही, म्हणून ती गाणी सारखीच ऐकू येतात. मायक्रोवेव्हने दाखवलं की लूप जितका लहान, तितकी त्याच्यात फिरण्याची मोकळीक जास्त. नव्या वाद्यांमध्ये आणि सॉफ्टवेअरमध्ये स्वतःचं ध्वनिमुद्रण देऊनही वेव्हटेबल करता येतं. तेव्हा घरातला तंबोरा, हार्मोनियम किंवा आजीच्या आवाजातला एक लांबवलेला आकार मुद्रित करा, त्याचं वेव्हटेबल करा, एक पट्टी दाबून धरा आणि स्थान सावकाश बदलत ऐका. पहिला अल्बम करायचा असेल तर सुरुवात इथून करावी.