आधीं कोणतें काम, नंतर कोणतें?

सणावाराच्या दिवशीं स्वयंपाकघरांत पुरणपोळ्यांचें काम निघालें म्हणजे एक बाई लाटावयास बसते आणि दुसरी तवा सांभाळते. लाटणारीचा हात मंद चालला तर तवा उगाच तापत राहतो. तो फार जलद चालला तर लाटलेल्या पोळ्या पाटावर एकमेकींस चिकटूं लागतात. दोघींपैकीं एकीचेंहि कौशल्य उणें नसतें. चुकलेला असतो तो दोन कामांचा मेळ. कारखान्यांत हाच प्रकार घडतो. फरक एवढाच कीं तेथें तवे शेंकड्यांनीं असतात, आणि रिकाम्या तव्याच्या किंमतीवरहि भांडवलाचें व्याज चढत असतें. कामें, यंत्रें आणि माणसें यांचा हा मेळ घालण्याचें एक स्वतंत्र शास्त्र गेल्या सव्वाशें वर्षांत उभें राहिलें आहे.

त्याचा आरंभ अगदीं साध्या साधनानें झाला. कारोल आदामिएत्स्की या पोलिश इंजिनिअरानें १८९६ च्या सुमारास पोलादाच्या कारखान्यांतील कामांचा कालक्रम दाखविणारा एक तक्ता योजिला. त्याचें लेखन मुख्यतः पोलिश व रशियन भाषांत असल्यामुळें इतरत्र त्याचा बोलबाला झाला नाहीं. हेन्री गँट (१८६१–१९१९) या अमेरिकन इंजिनिअराचें नांव मात्र तक्त्यास कायमचें चिकटलें. गँटच्या तक्त्यांत डावीकडून उजवीकडे दिवस मांडलेले असतात, प्रत्येक यंत्रास किंवा कामास एक ओळ दिलेली असते, आणि तें जितका काळ चालावयाचें तितक्या लांबीची आडवी पट्टी त्या ओळींत काढलेली असते. कोणतें यंत्र केव्हां मोकळें आहे, कोणतें काम कोठें अडलें आहे, हें त्यावरून एका दृष्टिक्षेपांत कळतें. पहिल्या महायुद्धांत अमेरिकेच्या शस्त्रास्त्रनिर्मितींत या तक्त्यांचा बराच उपयोग झाला. परंतु तक्ता हा आरशासारखा आहे. विस्कटलेला क्रम तो दाखवितो. नीट क्रम कोणता तें सांगत नाहीं.

तो क्रम शोधणें किती फायद्याचें असतें हें छापखान्याच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. कागद-पेन्सिल जवळ असणाऱ्या श्रोत्यांनीं पुढील आंकडे उतरून घ्यावे. छापखान्यांत एक छपाईयंत्र आहे आणि एक बाइंडर आहे. प्रत्येक पुस्तक आधीं सबंध छापून व्हावयाचें आणि मग बांधणीस जावयाचें. कामें चार आलीं आहेत. एका दुकानाच्या मालाचें सूचिपत्र : छपाई चार दिवस, बांधणी एक दिवस. एक कादंबरी : छपाई पांच, बांधणी दोन. शाळेचें क्रमिक पुस्तक : छपाई तीन, बांधणी पांच. आणि एक कवितासंग्रह : छपाई एक दिवस, परंतु कापडी बांधणी नाजूक असल्यामुळें तिला चार दिवस.

आलेल्या क्रमानें, म्हणजे सूचिपत्र, कादंबरी, क्रमिक पुस्तक आणि शेवटीं कविता, अशीं हीं कामें हातीं घेतलीं तर शेवटची प्रत एकविसाव्या दिवशीं बाहेर पडते. बाइंडर पहिले चार दिवस नुसता बसून असतो, सूचिपत्र बांधून झाल्यावर पुन्हां चार दिवस बसतो, आणि शेवटीं त्याच्यापुढें कामाचा ढीग पडतो. आतां क्रम असा घ्यावा : कविता, क्रमिक पुस्तक, कादंबरी, सूचिपत्र. तेंच यंत्र, तोच बाइंडर, तींच कामें. परंतु सारें काम चौदा दिवसांत आटोपतें. सात दिवस वांचले, आणि त्यासाठीं कोणाचाहि घाम अधिक गळला नाहीं.

हा क्रम अटकळीनें सांपडलेला नाहीं. सेल्मर जॉन्सन या अमेरिकन गणितज्ञानें १९५४ सालीं त्याचा नियम सिद्ध केला. सर्व आंकड्यांत लहानांत लहान आंकडा पाहावा. तो छपाईचा असेल तर तें काम सर्वांच्या आधीं लावावें, बांधणीचा असेल तर सर्वांच्या शेवटीं. तें काम यादींतून खोडावें आणि उरलेल्यांना तोच नियम लावीत जावें. बरोबरीचे आंकडे आले तर कोणताहि घेतला तरी चालतो. वरील उदाहरणांत एकाचा आंकडा दोनदां येतो, त्यानें कविता पहिली होते आणि सूचिपत्र शेवटचें. नियमाचें मर्म सरळ आहे : बाइंडरच्या हातीं लवकरांत लवकर काम पडावें, आणि यंत्र थांबल्यावर त्याच्यापाशीं थोडेंच काम उरावें. चौदा दिवसांपेक्षां कमी वेळ लागणें येथें शक्यच नाहीं. कारण छपाईलाच एकंदर तेरा दिवस पाहिजेत, आणि शेवटीं छापलेलें पुस्तक बांधण्यास निदान एक दिवस तरी लागणारच.

येथवर सारें गोड आहे. परंतु तिसरें यंत्र आलें कीं हा सोपा नियम सर्वसाधारणपणें लागू पडेनासा होतो. एकेक क्रम लावून पाहावा म्हटलें, तर चार कामांचे चोवीसच क्रम होतात. दहा कामांचे मात्र ३६,२८,८०० होतात. तीन यंत्रांचा प्रश्न सर्व प्रसंगीं झटपट सोडविणारी रीत सांपडण्याची आशा जवळजवळ सोडावी लागते, असें १९७६ सालीं गॅरी, जॉन्सन (हा जॉन्सन निराळा) आणि रवि सेठी यांनीं दाखवून दिलें. त्याहून अवघड प्रकार म्हणजे प्रत्येक कामाचा यंत्रांवरून जाण्याचा मार्ग निराळा असणें. अशा दहा कामांचें व दहा यंत्रांचें एक कोडें १९६३ सालीं प्रसिद्ध झालें. त्याचें अचूक उत्तर, म्हणजे ९३० काल-एकक, फ्रान्समधील कार्लिए आणि पिन्सों यांनीं सिद्ध केलें तें १९८९ सालीं. तोंवर सव्वीस वर्षें लोटलीं, आणि यंत्रें तर होतीं अवघीं दहा! म्हणून कारखान्यांतून सामान्यतः परिपूर्ण क्रमाचा हट्ट धरीत नाहींत. बऱ्यापैकीं क्रम वेळेवर मिळाला म्हणजे समाधान मानतात, आणि तें शहाणपणाचेंच आहे.

कचेरी, बँक, दवाखाना यांचा प्रश्न थोडा निराळा. तेथें माल वाट पाहत नाहीं, माणूस पाहतो. बँकेच्या एका खिडकीशीं तिघे आले. एकाचें काम वीस मिनिटांचें, दुसऱ्याचें पांचाचें, तिसऱ्याचें दोन मिनिटांचें. मोठ्या कामापासून आरंभ केला तर तिघांना मोकळें होण्यास सरासरीनें चोवीस मिनिटें लागतात. लहान कामापासून केला तर बाराच. कारकुनाचें काम दोन्ही वेळां सत्तावीस मिनिटांचेंच. मात्र या नियमास एक खोट आहे. लहान कामें एकामागून एक येतच राहिलीं तर वीस मिनिटांच्या कामाचा गृहस्थ दिवसभर उभाच राहील. म्हणून हिशेब जरा तोट्याचा झाला तरी खिडकीशीं आल्या क्रमाची रांग लोकांस न्याय्य वाटते.

कारकून एक क्षणहि रिकामा नसतो, ही पुष्कळ व्यवस्थापकांस भूषणाची गोष्ट वाटते. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीच्या एर्लांग नांवाच्या गणितज्ञानें १९०९ पासून आरंभिलेल्या रांगांच्या गणितानें या समजुतीचा पाया काढून घेतला आहे. माणसें अवचित येत असतील आणि प्रत्येकाच्या कामास कमीजास्त वेळ लागत असेल, तर साध्या गणिताप्रमाणें कारकून शंभरांतील ऐंशी भाग वेळ कामांत असतां खिडकीशीं सरासरीनें चार माणसें असतात. तो नव्वद भाग गुंतला तर नऊ होतात, आणि पंचाण्णव भाग गुंतला तर एकोणीस! कारकुनाच्या अंगावरचा रिकामा वेळ काढून घेतला म्हणजे तो नाहींसा होत नाहीं. रांगेंतील लोकांच्या अंगावर जाऊन पडतो.

रिकामा वेळ कोणी सोसावयाचा, हा या शास्त्रांतील खरा वादाचा मुद्दा आहे, आणि मुंबईच्या गिरणगांवानें तो पुस्तकांवांचून जाणला होता. कताई, ताणा, खळ आणि विणाई हीं खातीं सांखळीसारखीं एकमेकांत अडकलेलीं असत. आधींच्या खात्यांत खोळंबा झाला कीं माग थांबे, आणि मजुरी कापडाच्या मापावर असल्यामुळें विणकराचा त्या वेळेचा रोजगार बुडे. क्रम लावण्यांतील चूक एकाची, खिसा हलका होई दुसऱ्याचा. उलट बाजूनें, रोज कांहीं कामगार गैरहजर राहणारच, म्हणून गिरणीच्या दरवाजाशीं बदली कामगार तिष्ठत असत. कोणास आंत घ्यावयाचें हें बहुधा जॉबरच्या मर्जीवर असे. १९३५ सालीं मुंबईच्या गिरणीमालक संघानें या प्रकारास शिस्त लावण्याची योजना आंखली : दर महिन्याच्या पहिल्या तारखेस निवडक माणसांना बदलीचीं कार्डें द्यावयाचीं, त्यांनीं रोज सकाळीं हजर व्हावयाचें, आणि रिकाम्या जागा त्यांच्यांतूनच भरावयाच्या. जॉबरची मनमानी त्यानें कमी व्हावयाची होती. पण काम न मिळालेल्या दिवसाचें काय? कार्ड घेऊन परत जाणाऱ्या माणसाचा तो दिवस मालकाच्या कोणत्याहि तक्त्यांत पट्टी होऊन उमटत नसे.

कामाचे तास कायद्यानें आंखले जाऊं लागल्यावर तक्त्यास मर्यादा पडली. आठवड्याचे साठ तास १९२२ सालीं ठरले, १९३४ च्या कायद्यानें बारमाही कारखान्यांत ते चोपन्न झाले, आणि १९४६ सालीं अठ्ठेचाळीस. परंतु तास किती हें ठरलें तरी ते केव्हां हा प्रश्न उरतोच. अमेरिकेंतील मोठ्या दुकानांत गणकयंत्रें गिऱ्हाइकांच्या गर्दीचा अंदाज बांधून नोकरांच्या पाळ्या लावूं लागलीं, तेव्हां गर्दी कमी दिसतांच पाळी रद्द होई. आज बोलावणें येईल कीं नाहीं याची वाट पाहत नोकर घरीं बसून राही. दरवाजाशीं उभ्या राहणाऱ्या बदलीवाल्याचेंच हें नवें रूप. सॅन फ्रान्सिस्को शहरानें २०१४ सालीं यावर नियम केला. साखळी-दुकानांनीं पाळ्यांचें पत्रक दोन आठवडे आधीं द्यावयाचें. सात दिवसांच्या आंत पाळी बदलली तर एक तासाचा पगार अधिक मोजावयाचा, आणि चोवीस तासांच्या आंत बदलली तर पाळीच्या लांबीप्रमाणें दोन किंवा चार तासांचा. तेव्हांपासून तेथील दुकानांच्या हिशेबांत नोकराच्या वाट पाहण्यालाहि एक आंकडा मिळाला आहे.