हिरकणीचा कडा आणि धनजची विहीर: खडक एकच!

प्रसाद ओक यांचा ‘हिरकणी’ (२०१९) पाहून आलेला माणूस हमखास विचारतो, “रायगडाचा तो कडा रात्री, दोराशिवाय खरंच उतरता येईल का?” माझा विषय भूशास्त्र असल्याने हा प्रश्न माझ्याकडे जरा जास्तच येतो. म्हणून आज त्याचंच उत्तर.

गोष्ट तुम्हाला माहीत आहेच. गडावर दूध विकायला गेलेली हिरकणी, संध्याकाळी बंद झालेले दरवाजे, खाली घरी तान्हं बाळ. सोनाली कुलकर्णीने रंगवलेली ही आई मग कडा उतरून जाते. कथा लोकपरंपरेतून आलेली आहे. त्या रात्री काय घडलं ते खडक सांगणार नाही. पण उतरणाऱ्यापुढे काय वाढून ठेवलेलं असतं, ते मात्र तो नक्की सांगतो.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांमधून लाव्हा बाहेर आला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. एक थर थंड झाला की त्यावर दुसरा. या खडकाला आपण ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतो. ‘ट्रॅप’ म्हणजे इथे सापळा नव्हे; हा शब्द स्वीडिश भाषेतल्या जिन्याच्या शब्दावरून आला आहे. सह्याद्री लांबून पाहिला की पायऱ्या दिसतात ना, त्या याच.

आता एक पायरी जवळून बघू. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट आणि टणक असतो. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र राहतो आणि लवकर झिजतो. दोन थरांमध्ये कधीकधी लाल मातीचा पट्टाही सापडतो. मऊ भाग आधी झिजतो, वरच्या टणक खडकाचा आधार जातो आणि तो उभ्या भेगांवर तुटून पडतो. त्यामुळे टणक थराची होते उभी भिंत आणि मऊ थराचा होतो गवताळ टप्पा.

म्हणजे कडा ही वरपासून खालपर्यंत एकच सलग भिंत नाही. भिंत, टप्पा, भिंत, टप्पा असा तो क्रम आहे. टप्प्यावर उभं राहता येतं, दम घेता येतो. म्हणून उतरणं अशक्य नाही. पण खरा धोकाही तिथेच आहे. एका टप्प्यावर पोचलात म्हणून खालच्या टप्प्यापर्यंत वाट असेलच असं नाही. चढताना पुढची खाच डोळ्यांसमोर असते. उतरताना ती पायाखाली लपलेली असते, पायानेच चाचपावी लागते. त्यात अंधार.

आता आपल्या धनजकडे या. कारंजा तालुक्यात विहीर खणताना काय लागतं? काळी माती, मुरूम, मग कातळ. हा कातळ म्हणजे त्याच लाव्हाचा खडक! मग आपल्याकडे कडे का नाहीत? कारण पश्चिमेला भूखंड तुटून किनारा तयार झाला. त्या तुटक्या काठावर कोकणातला धो धो पाऊस नद्यांना खोल कापायला लावतो. आपल्याकडे पाऊस त्या मानाने कितीतरी कमी, उतारही मंद. झिजलेला खडक वाहून न जाता बराचसा इथेच राहतो आणि त्याची काळी माती होते. शिवाय कोकणात टप्पा तयार करणारा तोच सच्छिद्र, भेगाळ थर आपल्या विहिरीला पाणी देतो.

पण डोंगराच्या पायथ्याशी हेच पाणी घातक ठरतं. उतारावरची माती आणि कुजका खडक पावसात पाणी पितो, जड होतो, त्याची पकड सुटते. रायगड ज्या महाड तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातल्या तळिये गावावर २२ जुलै २०२१ रोजी दरड कोसळली. ८० हून अधिक माणसं गेली.

गडाच्या पायथ्याला आज हिरकणीवाडी आहे, तिथून रोपवेने काही मिनिटांत वर जाता येतं. पण डोंगराखाली राहणाऱ्यांसाठी तो डोंगर एका रात्रीचं साहस नसतो. त्यांना तो दर पावसाळ्यात नव्याने पारखावा लागतो. उतारावर नवी भेग दिसली, झाडं कलली, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, तर वाट बघायची नाही, आधी घर सोडायचं. सह्याद्रीत कुणी नातेवाईक असतील तर एवढं त्यांना जरूर सांगा.